विजयानंदातली गाणी

नाशिकच्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, विजयानंद म्हटल्यावर त्याच्या तोंडून एकच नाव बाहेर पडेल: जॅक्सन. त्याच्या खुनाची तारीखही बहुतेकांना पाठ असते, २१ डिसेंबर १९०९. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तो हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. ज्याने गोळ्या झाडल्या त्या अनंत कान्हेरेच्या नावाचं मैदान शहरात आहे, तिथे रणजीचे सामने होतात, आणि जुनी माणसं अजूनही त्याला गोल्फ क्लबच म्हणतात. हे सगळं योग्यच आहे. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. विजयानंद हे नाटकगृह होतं, आणि त्या काळी मराठी नाटक म्हणजे मुख्यतः गाणं. नाशिकने तिथे रात्र-रात्र जागून गाणी ऐकली. पण त्या जागेच्या वाट्याला इतिहासात एकच रात्र आली, आणि त्या रात्रीतलीही काही मिनिटंच.

तरी सुरुवात त्याच रात्रीपासून करावी लागते, कारण त्या रात्रीचा तपशीलच आपल्याला गाण्याकडे घेऊन जातो. कलेक्टर जॅक्सनची बढतीवर मुंबईला बदली झाली होती. हा माणूस संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. लोककथा, लोकसमजुती, गावोगावच्या चालीरीती यांची टिपणं त्याने जमवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेनने गुजरात आणि कोकणाच्या लोकरूढींचे जे ग्रंथ सिद्ध केले, ते याच टिपणांवरून. याच कलेक्टरने बाबाराव सावरकरांवरचा खटला पुढे नेला होता आणि बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली होती. शहर धुमसत होतं. अशा वेळी जॅक्सनला निरोप द्यायचा म्हणून ठरलं काय, तर नाटकाचा खेळ. विजयानंदात, किर्लोस्कर नाटक मंडळीचा, देवलांच्या 'संगीत शारदा'चा.

मला थांबून बघावंसं वाटतं ते इथे. इंग्रज अधिकाऱ्याला पानसुपारी, हारतुरे, मानपत्र एवढ्यावर वाटेला लावता आलं असतं. पण मराठी नाटकाचा खेळ ही त्या काळच्या नाशिककराला सुचणारी सगळ्यात मोठी मेजवानी होती. आणि किर्लोस्कर मंडळी म्हणजे तेव्हाची अव्वल कंपनी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासूनची. कंपनीचे गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, आता कंपनी कशी चालणार असं लोक म्हणाले, आणि चार वर्षांनी नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा कंपनीत दाखल झाला, तेच बालगंधर्व. १९०९ च्या डिसेंबरात बालगंधर्व २१ वर्षांचे होते. त्या रात्रीच्या गर्दीतले बरेचसे लोक त्यांचं गाणं ऐकायला आले असणार, कलेक्टरचा निरोपसमारंभ बघायला नव्हे. कान्हेरे वयाने अठराच्या आसपासचा, औरंगाबादला चित्रकला शिकणारा. जॅक्सन नाटकगृहात आला आणि पिस्तुलाचे बार झाले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला आणि विनायक दामोदर सावरकरांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला वळण लागलं. हा भाग सर्वत्र छापलेला आहे, त्यात मी भर घालायची गरज नाही.

आता गाण्याकडे येतो.

नाटक कंपनी गावात यायची ती सगळं बिऱ्हाड घेऊन. पडदे, पेट्या, दागिन्यांचे डबे, आचारी, शिंपी, भांडी, आणि पंचवीस-पन्नास माणसं. नाशिकला एक जास्तीची गंमत होती. रेल्वेचं स्टेशन गावापासून काही कोसांवर, नाशिकरोडला. तिथून गावात यायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून घोड्यांची ट्राम होती, ती मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत यायची. सामान बैलगाड्यांवर, नटमंडळी ट्राममध्ये किंवा टांग्यात. कंपनी एकदा उतरली की मुक्काम महिना-दीड महिना सहज. रोज खेळ नसे; आठवड्याला दोन-तीन, आणि बाकीच्या दिवशी तालमी. त्यामुळे नट गावात फिरताना दिसत, गंगेवर अंघोळीला जात. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्याने गोंधळून जाऊ नये.) आदल्या रात्री शालू नेसून गायलेला माणूस सकाळी पंचा गुंडाळून रामकुंडावर भेटला की पोरं मागे लागायची.

ही माणसं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. नाटक कंपनी हा एक फिरता वाडाच होता. देवल मास्तरांसारखा जाणता माणूस तालीम घ्यायचा, आणि तालीम म्हणजे नुसतं पाठांतर नव्हे: पदाच्या कोणत्या शब्दावर श्वास घ्यायचा, कुठल्या अक्षरावर तान घ्यायची नाही, गाताना हात कुठे ठेवायचा, हे सगळं. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाला पदर सावरायला वेगळं शिकवावं लागे. शंकरराव मुजुमदारांसारखा व्यवस्थापक पैशांचा मेळ घालायचा. कंपन्या गाण्यावर उभ्या राहिल्या हे खरं, पण जमाखर्च मोडला की गाणंही त्यांना वाचवू शकत नसे. बालगंधर्वांनी पुढे स्वतः काढलेल्या कंपनीचं तेच झालं.

खेळ रात्री नऊ-साडेनऊला सुरू व्हायचा आणि पहाटे संपायचा. वीज नव्हती. दिवे तेलाचे, नंतर गॅसबत्त्यांचे. त्या उजेडात रंगपटातला रंग पिवळा दिसायचा, म्हणून तोंडाला सफेदा जास्त लावायचा, हे जुन्या रंगभूषाकारांचं गणित. पहिली घंटा झाली की लोक आत शिरायचे, दुसरीला जागेवर बसायचे, आणि तिसरी घंटा झाली की पडद्याआडून धुपाचा वास यायचा. तो वास आला की नाटकगृहात एकदम शांतता पसरायची. मग पडद्यामागून नांदीचे सूर. सगळी मंडळी एका ओळीत, हात जोडून. अजून पडदा उघडलेला नाही, कोण कुठे उभा आहे ते दिसत नाही, आणि प्रेक्षक डोळे मिटून आवाज ओळखतोय: हा अमका, हा तमका. गावातले दर्दी नांदीवरूनच सांगायचे की आज कुणाचा गळा लागलाय आणि कुणाचा बसलाय.

रंगमंचाच्या पुढ्यात खाली साथीदारांची जागा असे. आधी सारंगी आणि तबला, मागे तंबोरा. पायपेटी आली, मग ऑर्गन आला. ऑर्गन वाजवणारा दोन्ही पायांनी भाता चालवतो, हात पट्ट्यांवर, आणि डोळे मात्र सतत नटाच्या गळ्यावर. गळ्याची घाटी हलली की पुढची जागा येणार हे त्याला कळायचं. नट भाषणातून पदात शिरताना शब्द लांबवू लागला की ऑर्गनचा षड्ज हळूच खालून यायचा. त्या षड्जाने बोलणं आणि गाणं यांच्यातला सांधा लपवला जाई. माझ्या मते संगीत नाटकाची सगळी किमया त्या दोन-तीन सेकंदांत होती. बाई रडतेय, बोलतेय, आणि तिला स्वतःलाही न कळता ती गातेय. पुढे सिनेमाने हे साधायचा खूप प्रयत्न केला, पण पडद्यावर वाद्यं कुठून आली हा प्रश्न प्रेक्षकाला पडतोच. नाटकात तो पडत नव्हता, कारण वादक समोर बसलेला दिसायचा. दिसत असूनही न दिसणं हे त्याचं कसब.

ध्वनिक्षेपक नव्हता. जुन्या नाटकगृहांत लाकूड भरपूर असे, खांब लाकडाचे, सज्जे लाकडाचे, आणि आवाज लाकडातून गोल होऊन यायचा. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे ही पहिली अट, सूर त्यानंतर. म्हणून त्या पिढीच्या गायकनटांचे शब्द इतके स्वच्छ. आज ध्वनिमुद्रिका ऐकताना काहींना ते उच्चार जरा जास्तच ठाशीव वाटतात. पण ते तुमच्या कानांसाठी नव्हतेच, ते सज्जात बसलेल्या माणसासाठी होते.

आणि वन्समोअर. नव्या माणसाला हा प्रकार अजब वाटतो. कथानक ऐन रंगात आलेलं, नायिकेवर आकाश कोसळलेलं, आणि पद संपताच अर्धं नाटकगृह ओरडतंय, वन्समोअर! मग नायिका दोन पावलं मागे जाते, पुन्हा त्याच जागी उभी राहते, पुन्हा तेच दुःख, पण तान वेगळी. तिसऱ्यांदा आणखी वेगळी. टीकाकारांनी यावर खूप झोड उठवली, रसभंग होतो म्हणाले. होतही असेल. पण त्या प्रेक्षकाने तिकीट काढलं होतं ते एकाच वेळी नाटकाचं आणि मैफलीचं, आणि दोन्ही वसूल करायचं त्याला पक्कं ठाऊक होतं. शास्त्रीय गाण्याची मैफल तेव्हा राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात किंवा सावकाराच्या माडीवर. सामान्य कारकुनाला, शिंप्याला, शाळामास्तराला यमन आणि भीमपलास कानावर पडले ते नाटकगृहातच. त्याला रागाचं नाव ठाऊक नसेल, पण सूर चुकला तर कपाळाला आठी पडायची.

'शारदा'ची गोष्ट याहून वेगळी. १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने ते प्रथम केलं. देवांच्या आणि राजांच्या कथा सोडून, शेजारच्या वाड्यात घडणारी गोष्ट: पैशाच्या लोभाने बाप कांचनभट आपली पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधू पाहतो. देवलांनी त्यातली कितीतरी पदं बायकांच्या तोंडी रुळलेल्या साध्या चालींवर बांधली, साकी-दिंडीच्या वळणाची. त्यामुळे झालं असं की ती नाटकगृहात राहिलीच नाहीत. सगळ्या बायकांना रात्रभर नाटकाला जाण्याची मुभा कुठे होती? ज्या जात त्या वेगळ्या सज्जात बसत. पण पुरुष गुणगुणत घरी यायचे. दारात काही आण्यांना पदांचं पुस्तक मिळायचं, ते कोणीतरी आणायचं. आणि मग जात्यावर, झोपाळ्यावर, मंगळागौरीला शारदा सुरू. ज्या मुलीने रंगमंच कधी पाहिला नाही, तिला शारदेची सगळी पदं येत होती. जुन्या नाशिकच्या वाड्यांत, भद्रकालीपासून पंचवटीपर्यंत, संगीत नाटक असंच पोचलं. आमच्याकडे बायका पुढे फार वर्षं 'शारदा लागली आहे' असं म्हणायच्या. नाटक लागलं की नव्हे, नणंदेच्या लग्नाची बोलणी बिनसली की.

गंगेच्या पलीकडे याच काळात दुसरं एक गाणं उभं राहत होतं. पं. विष्णु दिगंबर पलुसकर लाहोर-मुंबई करून, गांधर्व महाविद्यालयाच्या मुंबईच्या इमारतीपायी कर्जात बुडून, १९२० च्या दशकात नाशिकला आले. पंचवटीत त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. उरलेलं आयुष्य रामधून आणि शिष्य. १९२१ मध्ये त्यांचा मुलगा दत्तात्रेय नाशिकलाच जन्मला, पुढचे डी. व्ही. पलुसकर. म्हणजे एका काठावर गावातलं नाटकगृह, तिथे गॅसबत्त्या, अत्तर, वन्समोअर. आणि दुसऱ्या काठावर आश्रम, पहाटेची भजनं, रघुपतीचा गजर. पलुसकरांनी आयुष्यभर खटपट केली ती गवयाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून, आणि रंगभूमीचं वातावरण त्यांना मानवणारं नव्हतं. पण त्यांचाच पट्टशिष्य विनायकराव पटवर्धन १९२२ मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाला आणि दहा वर्षं तिथे गायला. गुरूला ते रुचलं नाही असं सांगतात. विनायकबुवांनी १९३२ मध्ये रंगभूमी सोडून पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. आणि वडील गेल्यावर लहानग्या दत्तात्रेयाला तालीम दिली ती याच विनायकबुवांनी. नाटकाचं गाणं आणि आश्रमाचं गाणं असं दोन टोकांना ठेवून बघायची सवय आपल्याला आहे, पण एकाच माणसाच्या गळ्यात ती दोन्ही नांदली.

सिनेमा आला तो मात्र गावातूनच आला. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत कॉरोनेशनला लागला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला पसारा नाशिकला हलवला. पुढचाच चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. त्यात प्रथमच बायका पडद्यावर आल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई. आल्या कुठून? नाटक कंपनीतून. रंगभूमीने भारतीय सिनेमाला त्याच्या पहिल्या नट्या दिल्या आणि सिनेमाने तिची नाटकगृहं घेतली, एवढा साधा हिशेब आहे. पण त्यातही एक गंमत आहे. सिनेमा कंपनीतल्या भागीदारांशी फाळक्यांचं फाटलं तेव्हा ते काशीला निघून गेले, आणि तिथे बसून त्यांनी लिहिलं काय, तर 'रंगभूमी' नावाचं नाटक. जो माणूस नाटकाच्या मुळावर आला असं आपण म्हणतो, त्याला हातचं सगळं गेल्यावर सुचलं ते नाटकच.

मूकपटांनी नाटकाला फारसा धक्का दिला नाही. त्यात गाणं नव्हतं. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये मराठी 'अयोध्येचा राजा' बोलू आणि गाऊ लागले, आणि खेळ संपला. एक आणा-दोन आण्यांत गाणं, तेही रात्र न जागवता. गावोगावच्या नाटकगृहांनी पांढरा पडदा लावला, विजयानंदनेही तेच केलं आणि त्याचं सिनेमा थिएटर झालं. खालची साथीदारांची जागा आता रिकामी राहिली, कारण वाद्यं सगळी यंत्रात गेली. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये 'धर्मात्मा'त उभे राहिले, प्रभातच्या कॅमेऱ्यापुढे, पुरुषवेषात. ते बघून जुन्या प्रेक्षकांना वाईट वाटलं, आणि ते वाटणं मला समजतं. वन्समोअर कुणाला म्हणणार?

ट्रामही १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. नाटक कंपन्यांना आणणारी गाडी आणि नाटक कंपन्या एकाच सुमारास गेल्या.

मात्र नाशिकचं आणि संगीत नाटकाचं नातं तिथे तुटलं असं कुणी समजू नये. ते तीस वर्षांनी भलत्याच वाटेने जुळलं. हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' लिहिलं. दोन वर्षांनी कुसुमाग्रजांचं 'ययाति आणि देवयानी' आलं, आणि त्याच वर्षी कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली'. तिन्हींना संगीत जितेंद्र अभिषेकींचं. संगीत नाटक मेलं म्हणून हळहळणाऱ्या मराठी मुलखाला दोन नाशिककरांनी ते पुन्हा गायला लावलं, हे फारसं कुणी एका दमात सांगत नाही. अभिषेकीबुवांनी एक शहाणपणा केला: पदं आटोपशीर केली. तीन-चार मिनिटांत राग उभा करायचा, भाव पोचवायचा आणि बाजूला व्हायचं. रात्र जागवायची सोय राहिली नव्हती; शेवटची बस चुकवून चालणार नव्हतं.

ती नाटकं नाशिकला झाली तेव्हा विजयानंदात सिनेमा चालू होता. गावाला महाकवी कालिदास कलामंदिर मिळालं ते १९८७ मध्ये, शालिमारजवळ. चांगलं नाट्यगृह आहे, नूतनीकरणही झालं. तिथे संगीत नाटकाचा प्रयोग लागला की मी जमेल तेव्हा जातो. ऑर्गन असतो, पण बाजूला, विंगेला लागून. नटाच्या गालाला चिकटवलेला बारीक मायक्रोफोन असतो, आणि तबल्याचा आवाज कर्ण्यातून डोक्यावर येतो. शब्द सगळे कळतात. मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरजच नसल्यामुळे कुणी तसा तो फेकतही नाही. गेल्या खेपेला 'शारदा'तली पदं सुरू झाली तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या सत्तरीच्या आजी ओठांनी सोबत म्हणत होत्या, एकही शब्द न चुकता. मध्यंतरात मी विचारलं, आजी, नाटक कधी पाहिलंय का आधी? म्हणाल्या, छे, पहिल्यांदाच. आमची आई म्हणायची स्वयंपाक करताना.